हिवताप आणि शरीराची संरक्षणव्यवस्था

जबलपूरहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग भेडाघाट मागे टाकून नर्मदेच्या खोऱ्यातून पुढे जातो. या मार्गालगत, जबलपूर जिल्ह्याच्या हद्दीतच, शहपुरा हे तहसिलीचे गाव आहे. (दिंडोरी जिल्ह्यातही याच नावाचे गाव आहे, येथे अभिप्रेत आहे ते जबलपूरचे शहपुरा.) कसदार जमीन, गहू-हरभऱ्याची व वाटाण्याची शेते, नर्मदेकडे वाहणारे ओढेनाले आणि पूर्वेस मंडला व दिंडोरीकडे चढत जाणारा डोंगराळ, वन्य मुलूख, असा हा एकूण प्रदेश आहे. पावसाळा ओसरू लागला की ओढ्यांचा वेग मंदावतो, खाचखळग्यांत पाणी साचून राहते आणि त्यांत ॲनोफिलीस जातीच्या डासांची पैदास होते. या टापूत हिवतापाचा प्रसार करणारे डास मुख्यत्वे दोन प्रकारचे आहेत: डबकी, विहिरी व ओढ्यांतील साचलेले पाणी पसंत करणारा क्युलिसिफेसीस आणि डोंगराळ भागातील संथ वाहत्या झऱ्यांत वाढणारा फ्लुव्हिॲटिलिस. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापाचा जोर वाढतो, हे येथील वैद्यांस व डॉक्टरांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

जबलपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतर्फे हिवतापाचे एक चिकित्सालय चालविले जात असे. तेथे आलेल्या रुग्णांच्या तीन वर्षांच्या नोंदी नीरू सिंह, एम. एम. शुक्ला व व्ही. पी. शर्मा या संशोधकांनी तपासल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. गर्भवती स्त्रियांत हिवतापाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा बरेच अधिक आढळले. त्यांच्या रक्तातील हिवतापाच्या जंतूंची संख्याही अधिक होती. मेंदूपर्यंत पोचलेल्या फॅल्सिपेरम हिवतापाने त्यांच्यात मृत्यूही फार होत. ज्या मातांना हिवताप झाला होता त्यांच्या १५५ नवजात अर्भकांचे सरासरी वजन निरोगी मातांच्या १७५ अर्भकांपेक्षा ३५० ग्रॅमने कमी भरले. जन्मतः अडीच-तीन किलो वजनाच्या जिवाच्या बाबतीत ३५० ग्रॅम ही क्षुल्लक बाब नव्हे. कमी वजनाचे मूल पहिल्या वर्षात दगावण्याचा धोका त्याने वाढतो.

या नोंदींतील एक गोष्ट विशेष विचार करावयास लावणारी आहे. पहिलटकरणीत हिवतापाचे प्रमाण सर्वांत जास्त आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ते क्रमाक्रमाने कमी, असा तो प्रकार होता. स्त्री तीच, गाव तेच, डास तेच. मग पहिल्या खेपेस जो रोग तिला सहज गाठतो तोच तिसऱ्या-चौथ्या खेपेस मागे का राहतो? वाढते वय हे काही अंशी याचे कारण असेल. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. तो व्हावा यासाठी आपल्या शरीराची संरक्षणव्यवस्था कशी चालते, आणि हिवतापाचा जंतू तिला कसा चकवितो, हे प्रथम पाहिले पाहिजे.

भक्षक पेशी आणि प्रतिद्रव्ये

रोगजंतूंना पहिला अडथळा होतो तो त्वचेचा व शरीराच्या आतील श्लेष्मल अस्तरांचा. अश्रू व लाळ यांत जंतूंचा नाश करणारी द्रव्ये असतात. जठरातील आम्लाने अन्नाबरोबर आलेले पुष्कळसे जंतू मरतात. परंतु डासाने सोंड खुपसली की हा अडथळा एका क्षणात निरुपयोगी होतो, आणि तेथून पुढचे काम रक्तातील व ऊतकांतील पेशींवर येते.

या पेशींचे कार्य प्रथम ओळखले ते एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला. परक्या वस्तूला वेढून गिळून टाकणाऱ्या या भक्षक पेशी मनुष्याच्याही रक्तात असतात. शत्रू कोण आहे याची बारीक चौकशी त्या करीत नाहीत. जे परके दिसेल त्यावर धावून जातात. म्हणूनच त्या काही तासांत कामाला लागू शकतात. हे शरीराचे उपजत संरक्षण होय.

दुसरे संरक्षण मिळविलेले असते. १८९० मध्ये बर्लिन येथे बेरिंग व किटासाटो यांनी असे दाखविले की, धनुर्वाताच्या विषाची सवय करून दिलेल्या प्राण्याच्या रक्तातील रक्तद्रव दुसऱ्या प्राण्यास टोचला तर त्यालाही त्या विषापासून संरक्षण मिळते. रक्तद्रवात पेशी नसतात. तेव्हा संरक्षण देणारे काहीतरी द्रव्य त्यात विरघळलेले असले पाहिजे. यालाच आपण प्रतिद्रव्य म्हणतो. ही प्रतिद्रव्ये म्हणजे प्रथिने असून त्यांचा आकार इंग्रजी वाय या अक्षरासारखा असतो. त्यांच्या दोन बाहूंची टोके जंतूच्या पृष्ठभागावरील एखाद्या विशिष्ट आकाराशी, कुलुपात किल्ली बसावी तशी, नेमकी जुळतात. गोवराविरुद्धचे प्रतिद्रव्य धनुर्वाताच्या विषावर काही करू शकत नाही, आणि धनुर्वाताचे गोवरावर.

जगात जंतू अगणित. प्रत्येकासाठी वेगळे प्रतिद्रव्य शरीर आधीपासून कोठून आणते? एके काळी असा समज होता की, जंतू शरीरात आल्यावर त्याच्यावर साचा ठेवून प्रतिद्रव्य घडविले जात असावे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या लसिका पेशी अस्थिमज्जेत जन्मास येतात तेव्हाच त्या प्रत्येकीत जनुकांच्या तुकड्यांची निराळी जुळणी होऊन तिच्या प्रतिद्रव्याचा आकार ठरून जातो. त्यामुळे अक्षरशः कोट्यवधी आकार, बहुतेक कधीही उपयोगी न पडणारे, शरीरात तयार असतात. जो जंतू येईल त्याच्याशी ज्या पेशीचा आकार जुळेल तिलाच वाढण्याचा इशारा मिळतो. ती विभागत जाते, तिची संतती हजारो-लाखोंनी वाढते, आणि त्यांपैकी पुष्कळ पेशी दर सेकंदाला हजारो या प्रमाणात प्रतिद्रव्ये ओतू लागतात. ही उपपत्ती ऑस्ट्रेलियातील मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडली. जनुकांची जुळणी प्रत्यक्ष कशी होते हे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले.

लसिका पेशींचा दुसरा एक वर्ग आहे. थायमस ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या या पेशींपैकी काही प्रतिद्रव्ये करणाऱ्या पेशींना साहाय्य करतात, तर काही स्वतःच्या शरीरातील, पण आत जंतू शिरलेल्या पेशी ओळखून त्यांना ठार करतात. पेशीच्या आत काय चालले आहे हे त्यांना बाहेरून कसे कळते? शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे लहान तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. त्या तुकड्यांत परका तुकडा आढळला की ती पेशी बाधित ठरते.

पहिल्या भेटीत योग्य पेशींची निवड होऊन त्यांची संख्या वाढण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि तेवढ्यात रोगाला डोके वर काढावयास मिळते. लढा संपल्यावर या पेशींपैकी बहुतेक मरतात. परंतु थोड्या शिल्लक राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्या दोनतीन दिवसांतच सज्ज होतात, आणि रोग्याला रोग झाल्याचे कळतही नाही.

ही स्मृती किती टिकते याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली. सुमारे पावणेआठ हजार वस्तीपैकी जवळजवळ सहा हजार लोकांना गोवर निघाला. पेटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टराने घरोघर चौकशी केली. या बेटांवर त्यापूर्वीची साथ १७८१ साली येऊन गेली होती. त्या साथीत ज्यांना गोवर झाला होता असे वृद्ध अद्याप हयात होते. त्यांपैकी एकालाही पासष्ट वर्षांनंतर पुन्हा गोवर झाल्याचे त्याला आढळले नाही. मध्यंतरी बेटावर गोवराचा संपर्क आलेला नव्हता. म्हणजे शरीराने बालपणी घेतलेला धडा म्हातारपणापर्यंत जपून ठेवला होता.

हिवतापाच्या बाबतीत असे का होत नाही? शहपुऱ्याच्या आसपास एखाद्याला लहानपणी हिवताप झाला म्हणून मोठेपणी तो होणार नाही असे कोणी म्हणत नाही. पुष्कळांना तो वर्षाआड येतो.

रूप पालटणारा शत्रू

हिवतापाचा जंतू हा एकपेशीय परोपजीवी होय. अल्जीरियात काम करणाऱ्या लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टराने तो १८८० मध्ये मनुष्याच्या रक्तात पाहिला. डासाच्या शरीरात तो सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी दिसला. डास चावताना या जंतूची सुतासारखी बारीक रूपे, बहुधा शंभरापेक्षाही कमी, त्वचेत सोडली जातात. तासाभराच्या आत ती रक्तातून यकृतात पोचतात. प्रतिद्रव्यांना त्यांना पकडावयास मिळणारा वेळ तो एवढाच. यकृताच्या पेशीत लपून जंतू सुमारे आठवडाभर वाढतो. एकेका जंतूपासून हजारो निर्माण होतात. या काळात ताप नाही, अंगदुखी नाही. मग ते सर्व एकदम रक्तात उतरतात आणि तांबड्या रक्तपेशींत शिरतात.

लपण्याची ही जागा धूर्तपणे निवडलेली आहे असे म्हणण्याचा मोह होतो. अर्थात जंतूला धूर्तपणा नसतो. पण लक्षावधी वर्षांच्या निवडीने तसा परिणाम साधला आहे खरा. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतील तुकडे बाहेर मांडते असे वर म्हटले. तांबडी रक्तपेशी हा त्याला मोठा अपवाद आहे. तिला केंद्रक नाही, आणि तुकडे मांडून ठेवण्याची यंत्रणाही जवळजवळ नाही. त्यामुळे बाधित पेशी शोधून मारणाऱ्या लसिका पेशी तिच्याजवळून जातात, पण आत कोण दडले आहे हे त्यांना कळत नाही. अठ्ठेचाळीस तासांनी पेशी फुटते, नवे जंतू बाहेर पडून दुसऱ्या पेशींत शिरतात, आणि फुटलेल्या पेशींतील द्रव्यांनी चाळवलेल्या भक्षक पेशी ताप आणणारी रसायने सोडतात. पेशी फुटण्याची वेळ व थंडी वाजून ताप भरण्याची वेळ एकच असते, हे इटलीतील गोल्जी यांनी १८८६ च्या सुमारास दाखविले. एक दिवसाआड येणाऱ्या पाळीच्या तापाचे कोडे अशा रीतीने सुटले.

बाधित रक्तपेशींना अडविणारे मुख्य ठिकाण म्हणजे प्लीहा, म्हणजेच पाणथरी. रक्त येथील अतिशय अरुंद फटींतून गाळले जाते. ताठ झालेल्या, बिघडलेल्या पेशी त्यांत अडकतात व भक्षक पेशी त्यांना गिळतात. वारंवार हिवताप झालेल्या मुलांचे पोट डाव्या बाजूस वाढलेले दिसते ते या श्रमामुळे. डेंप्स्टर नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४० नंतरच्या दशकात उत्तर हिंदुस्थानातील कालव्यांच्या प्रदेशात मुलांची पाणथरी हाताने चाचपून गावातील तापाचे प्रमाण ठरविण्याची पद्धत सुरू केली. जंतू कोणी पाहिलेला नव्हता, तरी ही पद्धत अचूक निघाली आणि पुढे शंभर वर्षे उपयोगात राहिली.

फॅल्सिपेरम जातीचा जंतू पाणथरीलाही चुकवितो. पेशीत वाढत असताना तो तिच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणून बसवितो. त्या योगे पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून राहते आणि रक्ताबरोबर वाहत पाणथरीकडे जाण्याचे टाळते. मेंदूतील वाहिन्यांत अशा पेशी साठल्या म्हणजे रोगी बेशुद्ध होतो. पण या युक्तीत एक धोका आहे: पृष्ठभागावर आलेले प्रथिन प्रतिद्रव्यांच्या दृष्टीस पडते. त्यावर जंतूजवळ उपाय आहे. या प्रथिनाचे सुमारे साठ निरनिराळे नमुने त्याच्या जनुकांत असतात. एका वेळी त्यांतला एकच वापरला जातो. शरीराने आठ-दहा दिवसांत त्या नमुन्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केली की तो नमुना वापरणारे जंतू मारले जातात. परंतु तोवर काही थोड्यांनी दुसरा नमुना धारण केलेला असतो व त्यांची संतती वाढू लागते. शिवाय दुसऱ्या गावच्या जंतूचे साठ नमुने या गावच्या जंतूसारखेच असतील असे नाही. गोवराचा चेहरा एकच आहे, आणि तो शरीर जन्मभर विसरत नाही. हिवतापाजवळ चेहऱ्यांची पेटीच आहे.

तरीसुद्धा शरीर हार खात नाही. आफ्रिकेतील गँबिया देशात कोहेन, मॅकग्रेगर व कॅरिंग्टन यांनी १९६१ मध्ये एक प्रयोग केला. हिवतापाच्या प्रदेशात जन्मभर राहिलेल्या प्रौढांच्या रक्तातून प्रतिद्रव्यांचा अंश वेगळा काढून तो हिवतापाने आजारी असलेल्या बालकांना टोचला. थोड्याच दिवसांत बालकांच्या रक्तातील जंतू फार मोठ्या प्रमाणात घटले. इंग्लंडमधील प्रौढांपासून काढलेल्या तशाच अंशाचा काही उपयोग झाला नाही. याचा अर्थ, वर्षानुवर्षे एकामागून एक चेहरे पाहत गेल्याने त्या प्रौढांजवळ पुष्कळ चेहऱ्यांविरुद्ध प्रतिद्रव्यांचा साठा झाला होता. जंतू त्यांच्या रक्तात शिरत नव्हते असे नाही. पण ते थोडे राहत आणि रोग उग्र होत नसे. असा माणूस काही वर्षे हिवताप नसलेल्या देशी राहून परतला तर त्याचे हे संरक्षण बरेचसे ओसरलेले असते.

जबलपूरच्या प्रदेशातील स्थिती गँबियाइतकी टोकाची नाही. येथे हिवताप बहुतांशी ऋतुमानानुसार येतो व वर्षावर्षांत त्याचा जोर बदलतो. त्यामुळे येथील प्रौढ मनुष्याजवळ संरक्षण असते ते अर्धेमुर्धे, आणि ताप आल्यावर ‘माझ्या अंगात तो मुरलेला आहे’ असे म्हणून स्वस्थ बसणे घातक ठरते. मंडला-दिंडोरीकडील, तसेच विदर्भातील कित्येक समाजांत आढळणारा सिकल सेलचा एकेरी दोष तीव्र हिवतापापासून काही संरक्षण देतो हे खरे. मात्र तो रक्तपेशीचाच जन्मजात गुण आहे. शिकून मिळविलेल्या प्रतिकाराशी त्याची गल्लत करू नये.

वार: जंतूला सापडलेली नवी जागा

आता पहिलटकरणीच्या प्रश्नाकडे वळू. गर्भाशयात वार तयार होते तेव्हा मातेच्या शरीरात एक संपूर्ण नवे इंद्रिय निर्माण होते. वारेतील पोकळ्यांत मातेचे रक्त संथपणे खेळते, आणि गर्भाच्या रक्तवाहिन्यांची झुपके त्यात बुडलेली असतात. दोन्ही रक्ते एकमेकांत मिसळत नाहीत. पातळ पडद्यातून पोषक द्रव्ये व प्राणवायू यांची देवघेव होते. या पडद्याच्या मातेकडील बाजूस काँड्रॉइटिन सल्फेट नावाचे एक शर्करामय द्रव्य विशेष रूपात असते.

मिशल फ्रीड व पॅट्रिक डफी यांनी १९९६ मध्ये केनियातील मातांच्या वारा तपासून असे दाखविले की, वारेत साठलेले फॅल्सिपेरम जंतू याच द्रव्याला चिकटतात. इतरत्र आढळणारे जंतू सहसा चिकटत नाहीत. पुढे, २००३ मध्ये, यासाठी जंतू जे प्रथिन वापरतो तेही सापडले. त्या साठ चेहऱ्यांपैकी तो एक विशिष्ट चेहरा आहे. एरवी पुरुषाच्या किंवा गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या शरीरात त्याचा जंतूला लाभ होत नाही, कारण चिकटावयास तशी जागाच नसते. त्यामुळे शरीराची त्याच्याशी ओळख होत नाही. पहिल्या गरोदरपणात वार तयार होते आणि हा चेहरा प्रथमच मोठ्या संख्येने समोर येतो. लहानपणापासून जमविलेला प्रतिद्रव्यांचा साठा तेथे लागू पडत नाही. आठवडे जातात, प्रतिद्रव्ये तयार होऊ लागतात. पण तोवर वारेत जंतूंची गर्दी झालेली असते. पुढच्या गरोदरपणात मात्र स्मृतिपेशी तयार असतात. हिवतापाच्या प्रदेशात अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात या चेहऱ्याविरुद्ध प्रतिद्रव्ये आढळतात, त्याच गावातील पुरुषांच्या रक्तात ती जवळजवळ आढळत नाहीत. याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. जबलपूरच्या रुग्णालयातील नोंदींत उतरत गेलेले प्रमाण याच स्पष्टीकरणाशी जुळते.

याखेरीज दोन कारणे आहेत. गर्भ हा मातेच्या दृष्टीने अर्धा परका असतो. त्याचा निम्मा वारसा पित्याचा. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून गरोदरपणात मातेच्या संरक्षणव्यवस्थेचा रोख काहीसा बदलतो. आणि गँबियातील एका पाहणीत, २००० साली, असे आढळले की गर्भवती स्त्रियांकडे डास इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट संख्येने आकृष्ट होतात. त्यांच्या शरीराची वाढलेली उष्णता व श्वासोच्छ्वासाचे वाढलेले प्रमाण ही त्याची संभाव्य कारणे होत.

वारेत जंतू साठले म्हणजे त्यांच्या मागोमाग भक्षक पेशी येतात. शत्रूला रोखण्यासाठी चाललेल्या या दाहानेच पडदा जाड होतो, गर्भाला मिळणारे पोषण घटते. संरक्षण आणि नुकसान येथे एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत. त्याच वेळी मातेच्या रक्तपेशी फुटत असतात व पाणथरी बाधित पेशींबरोबर पुष्कळ निरोगी पेशींचाही नाश करते, म्हणून तिला रक्तक्षय होतो. जबलपूरच्या पाहणीत हिवताप झालेल्या गर्भवती स्त्रियांमध्ये रक्तक्षय, हिवताप न झालेल्या गर्भवतींपेक्षाही आणि हिवताप झालेल्या पण गर्भवती नसलेल्या स्त्रियांपेक्षाही, अधिक आढळला. व्हायव्हॅक्स हा तुलनेने सौम्य मानला जाणारा हिवताप वारेला फॅल्सिपेरमसारखा चिकटत नाही. तरी त्यानेही अर्भकांचे वजन निश्चितपणे कमी केले होते. ‘साधा हिवताप आहे’ हे गर्भवतीच्या बाबतीत खरे धरता येत नाही.

नवजात अर्भकाची बाजू थोडी समाधानकारक आहे. वर सांगितलेल्या नोंदींत मातेकडून जन्मतःच हिवताप घेऊन आलेले एकही मूल नव्हते. मातेची काही प्रतिद्रव्ये वारेतून गर्भाकडे पोचविली जातात. ती जन्मानंतर काही महिने टिकतात. पण मातेजवळ जे असेल तेच ती देऊ शकते.

या सर्वांतून व्यवहारात काय निष्पन्न होते? पहिली अडचण निदानाची. जंतू वारेत चिकटून बसल्यामुळे बोटातून काढलेल्या रक्तात ते फार थोडे दिसतात, प्रसंगी मुळीच दिसत नाहीत. म्हणून एका तपासणीत काही आढळले नाही तरी ताप राहिल्यास तपासणी पुन्हा करावी लागते. दुसरी अडचण औषधांची. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात सुप्त राहून महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांचा नाश करणारे प्रायमाक्विन गर्भवतीस देता येत नाही. तेव्हा रक्तातील जंतूंवर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार करून सुप्त जंतूंचा बंदोबस्त बाळंतपणानंतरवर ढकलावा लागतो. घरी उरलेल्या गोळ्या गर्भवतीने आपल्या मनाने घेऊ नयेत. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी मात्र पहिल्या महिन्यापासून, आणि प्रत्येक रात्री, वापरता येते.

लस

लस म्हणजे शरीराला शत्रूचा चेहरा आधीच दाखवून ठेवणे. हिवतापाचे चेहरे अनेक असल्यामुळे हे काम अवघड झाले. शेवटी शास्त्रज्ञांनी रक्तातील जंतूचा नाद सोडून डासाने टोचलेल्या सुतासारख्या रूपाकडे लक्ष दिले. त्याच्या अंगावरील मुख्य प्रथिन बरेचसे एकसारखे असते. त्याचा एक तुकडा कावीळ-बच्या विषाणूच्या आवरणप्रथिनाला जोडून बनविलेली आरटीएस-एस ही लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये बालकांसाठी शिफारस केली. त्याच तत्त्वावरील आर-२१ ही दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठात सिद्ध झाली व तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले. तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. आफ्रिकेत जेथे हिवताप ऋतूनुसार येतो तेथे हंगामापूर्वी तीन मात्रा दिल्यावर पहिल्या वर्षी सुमारे ७५ टक्के आजार टळले असे आढळले. पुढे संरक्षण उतरू लागते, म्हणून वर्षाने चौथी मात्रा देतात. तासाभराच्या अवधीत जंतू पकडावयाचा तर रक्तात प्रतिद्रव्ये मोठ्या प्रमाणात सतत हजर हवीत. स्मृतिपेशी जाग्या होण्याची वाट पाहण्यास येथे सवड नाही. या दोन्ही लशी फॅल्सिपेरमविरुद्ध आहेत, व्हायव्हॅक्सविरुद्ध नव्हेत, आणि त्या लहान मुलांसाठी आहेत.

मध्यंतरी या प्रदेशातील चित्रही पालटू लागले आहे. मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत २०१७ पासून रक्ततपासणी, तात्काळ उपचार व डासनियंत्रण यांची एकत्रित मोहीम हाती घेण्यात आली आणि थोड्याच वर्षांत तेथील हिवताप सुमारे नऊ-दशांशाने उतरला. ही फार मोठी गोष्ट आहे. तिची एक बाजू मात्र ध्यानात ठेवावी लागते. ज्या गावी हिवताप दुर्मिळ होतो तेथील लोकांची अर्धीमुर्धी प्रतिकारशक्तीही हळूहळू ओसरते. तेथे वाढलेली मुलगी सासरी जाऊन प्रथम गर्भवती होते तेव्हा वारेतील चेहराच काय, हिवतापाचा कोणताच चेहरा तिच्या शरीराने पाहिलेला नसतो. म्हणून तापाचे रोगी कमी झाले तरी तपासणी ढिली करून चालत नाही.

खास वारेतील चेहऱ्यावर आधारलेल्या दोन लशींच्या प्राथमिक चाचण्या २०१६ नंतर युरोप व आफ्रिकेत झाल्या. गर्भवती नसलेल्या स्त्रियांना ती लस टोचल्यावर त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये उत्पन्न झाली. परंतु ज्या वाणाच्या जंतूपासून लस बनविली होती त्याला ती चांगली ओळखत; इतर वाणांच्या बाबतीत त्यांचा प्रभाव बराच कमी पडला. वारेला चिकटण्यासाठी सर्व वाणांना प्रथिनाचा जो भाग समान ठेवावाच लागतो, तेवढाच शरीरापुढे कसा मांडावा, यावर आता काम चालू आहे.